जुन्या बुलेटची खडखड : इंजिन खोलण्याआधी कार्बोरेटर उघडा

जुनी बुलेट स्लोवर उभी असताना खडखड करू लागली की बहुतेक गॅरेजमध्ये एकच निदान ऐकू येतं, 'इंजिन खोलावं लागेल.' मग बोअर, पिस्टन, रॉकर, कनेक्टिंग रॉड अशी यादी निघते. गाडी पंधरा दिवस फळीवर पडते आणि बिल हजारोंत जातं. कधी हे निदान बरोबरही असतं. पण या गाडीत एक भाग असा आहे की तो झिजला तर इंजिनाच्या आतल्या बिघाडासारखाच वाजतो, आणि तो बदलायला अर्धी सकाळही लागत नाही. तो भाग म्हणजे कार्बोरेटरची स्लाइड. आपल्याकडचे मिस्त्री तिला 'कार्बचा पिस्टन' म्हणतात. तिच्या बरोबरीने हवेच्या वाटेवरचे आणखी चार-पाच भाग झिजतात, आकसतात, चिरतात आणि आवाजात भर घालतात. म्हणून माझा आग्रह आहे की पाना आधी कार्बोरेटरला लावा, इंजिनाला नंतर.

हा लेख मुख्यतः जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या ३५० बुलेटबद्दल आहे. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक आणि ३४६ सीसी या मापाचं, गिअरबॉक्स वेगळा असलेलं हे इंजिन. १९५५ मध्ये मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली आणि २०१० च्या सुमारास एकसंध इंजिन येईपर्यंत मूळ रचना फारशी बदलली नाही. सुरुवातीच्या गाड्यांना अमाल पद्धतीचा कार्बोरेटर असे, नंतर मिककार्ब व्हीएम-२४ आला. दोन्हींत गोल स्लाइड थेट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला लटकलेली असते. मूठ पिळली की ती वर जाते आणि हवेची वाट मोकळी होते. मूठ सोडली की स्प्रिंग तिला खाली ढकलते.

ही स्लाइड का वाजते, ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. बुलेटला सिलिंडर एकच. चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं, म्हणजे मिनिटाला १००० फेऱ्यांच्या स्लोवर ५०० वेळा, सेकंदाला आठाहून जास्त. चार सिलिंडरच्या गाडीत एकाची ओढ संपायच्या आत दुसऱ्याची सुरू होते, त्यामुळे वाटेतला दाब फारसा हलत नाही. इथे मात्र एक जोरदार ओढ, मग शांतता, मग पुन्हा ओढ. स्लोवर स्लाइड जवळजवळ बंद असते. तिच्या इंजिनाकडच्या बाजूला निर्वात, फिल्टरच्या बाजूला वातावरणाचा पूर्ण दाब. प्रत्येक ओढीला ती इंजिनाच्या दिशेने भिंतीवर आपटते, ओढ संपली की मागे येते. नवीन कार्बमध्ये हलायला जागा इतकी कमी असते की हे ऐकूच येत नाही. हजारो किलोमीटर धूळ खाऊन स्लाइड आणि बॉडी दोन्ही घासल्या की तीच हालचाल 'टक-टक-टक' अशी कानावर येते. इंजिनाच्या धातूतून ती पसरते, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं की आवाज हेडमधूनच येतोय.

झीज फक्त वाजत नाही, ती मिश्रणही बिघडवते. ढिल्या स्लाइडच्या कडेने जादा हवा आत शिरते, स्लोचं मिश्रण विरळ होतं आणि गाडी सिग्नलला बंद पडू लागते. मग कोणीतरी स्लोचा स्क्रू आवळून फेऱ्या वाढवून देतो. आवाज थोडा दबतो, इंजिन जास्त तापू लागतं आणि झीज चालूच राहते. स्लो वाढवून आवाज लपवणं मला अजिबात पटत नाही. त्याने मूळ बिघाड आणखी काही महिने नजरेआड राहतो, एवढंच.

आता कान लावायचा तो कुठे आणि कसा. गाडी गरम करा, मेन स्टँडवर लावा, स्लोवर ठेवा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कार्बच्या वरच्या झाकणावर टेकवा आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. मग तेच टोक टॅपेटच्या झाकणावर, रॉकरच्या झाकणांवर, डावीकडच्या प्रायमरी चेनच्या झाकणावर फिरवा. जिथे आवाज सर्वांत टोकदार, तिथे त्याचं मूळ असण्याची शक्यता मोठी. मग दुसरी परीक्षा करा. कान तिथेच ठेवून मूठ अगदी किंचित पिळा. स्लाइडचा आवाज झटक्यात बदलतो किंवा नाहीसा होतो, कारण स्लाइड उचलली गेली की तिच्यावरची ओढ कमी होते. टॅपेटचा आवाज असा विरत नाही, तो फेऱ्यांबरोबर भराभर होत जातो.

बाकीच्या आवाजांची ओळखही हवी, नाहीतर चांगला कार्ब उगाच बदलला जाईल. थंड इंजिनावर येणारी आणि गरम झाल्यावर कमी होणारी पोकळ थपथप बहुधा पिस्टनची असते. क्लच दाबला की बदलणारा आवाज क्लचचा. प्रायमरीची दुपदरी चेन सैल झाली की स्लोवर डावीकडून खरखर येते आणि फेऱ्या वाढल्या की ती बरीचशी मिटते. ही लकब स्लाइडसारखीच आहे, म्हणून स्क्रूड्रायव्हर दोन्हीकडे लावल्याशिवाय निर्णय घेऊ नका. आणि इंजिनाच्या पोटातून, भार पडल्यावर खोल 'ठक-ठक' येत असेल तर तो कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचा इशारा समजा. तिथे गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टेम्पोत घालून न्या.

चढावर येणारी कडकड याहून वेगळी आहे. खंबाटकी किंवा आंबा घाटात वरच्या गिअरमध्ये मूठ पिळली की काचेच्या गोट्या डब्यात हलवल्यासारखा आवाज येतो आणि मूठ सोडली की थांबतो, ते नॉकिंग. इथे कोणताही भाग सैल होऊन वाजत नसतो. ठिणगीने पेटलेली ज्वाला पसरत असताना उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकतं, त्याचा तो आवाज. टायमिंग पुढे गेलेलं असणं, पिस्टनवर काजळी साचणं ही त्याची कारणं आहेतच. पण जुन्या बुलेटमध्ये एक कारण वारंवार दुर्लक्षित राहतं, ते म्हणजे कार्ब आणि हेड यांच्यामधून चोरून शिरणारी हवा. मिस्त्रींच्या भाषेत गाडी 'हवा ओढते'. मिश्रण विरळ होतं, ज्वलनकक्ष तापतो आणि नॉकिंग सुरू होतं. नॉकिंगकडे काणाडोळा करत घाट चढत राहिलं तर शेवटी पिस्टनला भोक पडू शकतं.

हवा ओढण्याची लक्षणं ओळखीची आहेत. मूठ सोडल्यावर फेऱ्या लगेच खाली येत नाहीत, लटकून राहतात. उतारावर सायलेन्सरमध्ये फटफट फुटतं. प्लग काढला तर पांढराफटक दिसतो. खात्री करायला फवारणीची साधी बाटली घ्या, तिच्यात पाणी भरा आणि स्लोवर चालणाऱ्या इंजिनात कार्ब-हेडच्या सांध्यावर बारीक फवारा मारा. फेऱ्या हलल्या, इंजिन गडबडलं, तर गळती तिथेच आहे. काही जण हीच परीक्षा पेट्रोलने किंवा कार्ब क्लीनरने करतात. तापलेल्या इंजिनावर ते करू नका. पाण्याने काम भागतं.

आता खोलण्याकडे वळू. इंजिन थंड हवं, जागा मोकळ्या हवेची हवी, बॅटरीची एक वायर काढलेली हवी आणि जवळपास विडी-सिगारेट नको. पेट्रोलचा कॉक बंद करा, फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल बाटलीत काढा. कार्बचं वरचं झाकण फिरवून उघडा आणि स्लाइड, स्प्रिंग, नीडल सरळ वर ओढून घ्या. नीडल बारीक असते, वाकायला वेळ लागत नाही. ती कोणत्या खाचेत क्लिपने अडकवली आहे ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फिल्टरकडचा रबरी पाइप सोडवा, हेडकडचे दोन नट सोडा, कार्ब हातात येईल.

आधी सगळं पुसून कोरडं करा. तेल किंवा पेट्रोल लागलेली स्लाइड घट्ट वाटते आणि फसवते. कोरडी स्लाइड बॉडीत सोडा आणि बोटाने इंजिनाच्या दिशेने, मग फिल्टरच्या दिशेने ढकला. हे वरच्या टोकाला करा, मग खाली, जवळजवळ बंद अवस्थेत करा. वरती नीट बसणारी स्लाइड खाली टकटक हलत असेल तर बॉडी झिजली आहे. आपण बहुतेक वेळ पाव मूठ पिळून गाडी चालवतो, त्यामुळे झीजही त्याच पट्ट्यात होते. स्लाइडची इंजिनाकडची बाजू पाहा. तिथे मुलामा उडून उभे चकचकीत पट्टे दिसत असतील तर तिचं काम झालंय.

इथे एक निर्णय पैशांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बॉडी चांगली आणि स्लाइड झिजलेली, तर फक्त स्लाइड बदला. दोन्ही झिजल्या असतील तर अख्खा कार्बच नवा घ्या. झिजलेल्या बॉडीत नवी स्लाइड घातली की आवाज कमी होतो, पण थोड्याच दिवसांत परत येतो, आणि तुम्ही दोनदा पैसे भरता. अमालचा मूळ कार्ब जपायचा असेल, गाडी पन्नास-साठ वर्षांची असेल, तर बॉडीचं भोक मोठं करून त्यात बाही बसवण्याचं काम लेथवर करता येतं. ते मात्र या मापाची जाण असलेल्या कारागिराकडेच द्या.

स्लाइड विकत घेताना जुनी बरोबर न्या. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत स्पेअर पार्टच्या गल्लीत एकाच नावाचे दोन-तीन दर्जाचे भाग मिळतात. स्लाइडच्या तळाशी फिल्टरच्या बाजूला तिरका काप असतो आणि त्याचा आकडा कोरलेला असतो. तोच आकडा घ्या. काप मोठा घेतला तर मूठ उघडताना मिश्रण विरळ होतं आणि गाडी अडखळते. शक्य असेल तर बॉडीही घेऊन जा आणि दुकानातच स्लाइड घालून पाहा. ती स्वतःच्या वजनाने खाली सरकली पाहिजे आणि कुठेही अडकता कामा नये. घट्ट बसणारी म्हणजे चांगली, असा समज धरून जी अडखळते ती घेऊ नका. अडकलेली स्लाइड म्हणजे उघडी राहिलेली मूठ, आणि गर्दीच्या रस्त्यावर ती जिवावर बेतते.

कार्ब काढलाच आहे तर नीडल आणि नीडल जेटही तपासा. नीडल वर-खाली होऊन जेटचं गोल भोक लांबट होतं, मधल्या वेगात पेट्रोल जास्त जातं आणि प्लग काळा पडतो. ही जोडी एकत्रच बदलायची. नीडलची क्लिप सैल असेल तर नीडल स्लाइडमध्ये खुळखुळते, तोही एक आवाजच. फ्लोटच्या सुईचं टोक, झाकणाची ओ-रिंग, चोकचा प्लंजर हेही नजरेखालून घाला.

मग हेडकडचा सांधा. कार्बच्या तोंडाची पट्टी, म्हणजे फ्लँज, बहुतेक जुन्या गाड्यांत वाकलेली सापडते, कारण हवा ओढते म्हणून दर वेळी कोणीतरी नट आणखी आवळलेले असतात. पोलादी पट्टी तिच्यावर उभी धरा. मध्ये उजेड दिसला तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून फ्लँज सपाट घासून घ्या आणि नंतर सगळ्या छिद्रांतून हवा मारा. कार्ब आणि हेड यांच्यामधला स्पेसर भेगाळला असेल तर बदला. पॅकिंग दोन्ही बाजूंचं नवंच घाला, जुन्यावर सिलिकॉनचा थर देऊन वेळ मारून नेऊ नका. ते सुटून आत ओढलं जाऊ शकतं. नट आळीपाळीने, थोडे-थोडे आवळा आणि घट्ट लागले की थांबा. ज्या मॉडेलला रबरी जोड आहे, तो हाताने वाकवून पाहा. बाहेरून धड दिसणाऱ्या रबराच्या भेगा वाकवल्यावरच उघडतात.

फिल्टरकडच्या रबराला कमी लेखू नका. तिथून शिरणारी धूळच स्लाइड खाते. आवाज भारदस्त यावा म्हणून फिल्टर काढून टाकणारे बुलेटप्रेमी पुष्कळ आहेत. त्यांना मी कळकळीने सांगेन की, मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात जी धूळ असते, ती फिल्टरशिवाय थेट सिलिंडरमध्ये जाते. आज स्लाइड झिजेल, उद्या पिस्टन रिंग झिजेल. फिल्टर नवा घाला, पाइप नवा घाला, क्लिप आवळा.

आता पेट्रोलचा मुद्दा. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोल जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. जुन्या कार्बचे जेट तेच राहतात, म्हणून मिश्रण थोडं विरळ पडतं. सांध्यातून हवा शिरत असेल तर दोन्हींची बेरीज होते. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो हेही खरं, त्यामुळे सगळ्या नॉकिंगचं खापर इथेनॉलवर फोडू नका. सगळं नवं बसवूनही गाडी मधल्या वेगात कोरडी, तापट वाटली तर नीडलची क्लिप एक खाच खाली घ्या. नीडल वर येते आणि मिश्रण किंचित दाट होतं. जुनी रबरं इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात, तेव्हा नवी घेताना इथेनॉल चालणारी आहेत ना, हे दुकानदाराला विचारा. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि त्या पाण्याने कार्बचा धातू पांढरी भुकटी धरतो.

जोडताना स्लाइडचा काप फिल्टरच्या दिशेने आणि बाजूची खाच बॉडीतल्या पिनवर यायला हवी. नीडल जेटमध्ये अलगद शिरली पाहिजे, जोर लावायचा नाही. झाकण बसवल्यावर इंजिन सुरू करण्याआधी मूठ पूर्ण पिळून सोडा. स्लाइड तळाला आपटल्याचा स्पष्ट आवाज यायला हवा. हँडल डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळवून हेच पुन्हा करा. हे केल्याशिवाय किक मारू नका. गाडी सुरू झाल्यावर पुन्हा हँडल दोन्हीकडे वळवा. फेऱ्या वाढल्या तर केबल ओढली जातेय, तिला थोडा प्ले द्या.

सेटिंगसाठी दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा. मिककार्बचा हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या आणि दीड फेरी बाहेर काढा. हा स्क्रू आत गेला की मिश्रण दाट होतं, बाहेर आला की विरळ. स्लो थोडा वाढवून ठेवा, हवेचा स्क्रू पाव-पाव फेरी फिरवत जिथे इंजिन सर्वांत वेगाने आणि सरळ चालेल ती जागा पकडा, मग स्लो खाली आणा. नव्या स्लाइडवर गाडी किती कमी फेऱ्यांवर धीराने ठोके देते, हे पाहून तुम्हालाही समाधान वाटेल.

एवढं करूनही वरच्या अंगाची टिकटिक राहिली तर टॅपेट पाहा. या इंजिनात पुशरॉड आहेत आणि सेटिंग खाली, टॅपेटच्या झाकणाआड आहे. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला. पुशरॉड बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. आवाज बंद करण्याच्या नादात टॅपेट घट्ट करू नका. व्हॉल्व्ह पूर्ण बसणार नाही आणि जळेल. थोडी टिकटिक या इंजिनाची प्रकृतीच आहे. मात्र टॅपेट नीट असूनही इनटेक व्हॉल्व्हच्या बाजूने आवाज येत असेल, उतारावर मूठ बंद ठेवून पुन्हा पिळली की निळा धूर निघत असेल, तर व्हॉल्व्हचं गाइड झिजलं आहे. तिथून तेल आणि हवा दोन्ही आत ओढली जातात, म्हणून कार्ब कितीही सेट केला तरी स्लो स्थिर राहत नाही. हे काम घरचं नाही. हेड उतरवून, गरम करून जुनं गाइड काढायचं, नवं बसवून रीमर मारायचा, मग सीट कापून व्हॉल्व्ह लॅपिंग करायचं, अशी ती क्रमवारी आहे. गाइड बदललं आणि सीट कापली नाही, तर व्हॉल्व्ह सरळ बसत नाही. हेड परत घेताना सीट कापली का, हे मिस्त्रीला विचाराच, आणि शक्य असेल तर इनटेकच्या पोर्टमध्ये थोडं रॉकेल ओतून ते ज्वलनकक्षाच्या बाजूने झिरपत नाही ना, हे स्वतः पाहून घ्या.

नव्या पिढीच्या एकसंध इंजिनाच्या कार्बोरेटरवाल्या बुलेट आणि क्लासिकला हे सगळं जसंच्या तसं लागू करू नका. तिथे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, हाताने सेट करायचे नाहीत. कार्बमधली स्लाइड केबलला बांधलेली नसून रबरी पडद्याच्या जोरावर उचलली जाते. त्या पडद्याला सुईएवढं भोक पडलं तरी गाडीचा पिकअप जातो, म्हणून पडदा उजेडासमोर धरून, हलकासा ताणून तपासावा. कार्ब-हेडच्या सांध्याची पाण्याची परीक्षा मात्र तिथेही तशीच चालते.

बसवल्यावर साधारण शंभर किलोमीटर चालवा आणि प्लग काढून पाहा. फिका तपकिरी असेल तर मिश्रण जमलंय. त्याच वेळी हेडकडचे दोन नट थंड इंजिनावर हाताने तपासा, कारण नवं पॅकिंग दबून ते थोडे सैल होतात. पाव फेरीपेक्षा जास्त आवळू नका.